काचेमागची पाणजाळी

मी पाणजाळी बोलतेय. हे नाव कुठल्या दुकानात मिळायचं नाही, ते मला मुलांनी दिलं. रूपाचं म्हणाल तर लांब दांड्याची, पोट सुटलेली चहाची गाळणी म्हणजे मी. आज एका चकचकीत दालनात काचेच्या कपाटात उभी आहे. माझ्यावर खास दिवा सोडलाय. अंगावर धूळ नाही, तसा पाण्याचा थेंबही नाही. लोक येतात, बघतात आणि 'किती छान जपलंय' म्हणतात. जपणं कशाला म्हणतात याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, म्हणून तोंड उघडावं लागलं.

माझा जन्म बाईंच्या घरी झाला. बाई शाळेत लहान मुलांना शिकवायच्या. त्यांच्या मुलाच्या पाळण्यावरची मच्छरदाणी माळ्यावर पडून होती. मुलगा दाढी करायला लागला तरी मच्छरदाणी काही टाकवत नव्हती. एक दिवस बाईंनी ती खाली काढली, जळमटं काढायच्या झाडूचा दांडा उपसला, एक जाड तार वाकवून गोल केली आणि सगळा पसारा सासूबाईंपुढे मांडला. सासूबाईंचा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "शाळा सोडून मासे धरायचा धंदा काढलास की काय?"

बाई हसल्या. म्हणाल्या, मुलांना पाण्यातलं जग दाखवायचंय. सासूबाई कुरकुरल्या, पण शिवताना दुहेरी टीप घातली. पोरांच्या हातात जाणारी वस्तू आहे, एकेरी शिवण टिकायची नाही, असं स्वतःशीच म्हणत होत्या. मला मात्र तो आशीर्वादच वाटला.

शाळेमागे, पडक्या कुंपणापलीकडे एक तळं होतं. मोठी माणसं त्याला डबकं म्हणायची आणि नाकाला रुमाल लावून बाजूनं जायची. कडेनं पाणकणसांची दाटी, मध्ये शेवाळ, वरच्या अंगाला खडकातून झिरपणारा एक बारीक झरा. उन्हाळ्यात तळं आक्रसून दोन सतरंज्यांएवढं व्हायचं. पण आटायचं कधीच नाही. झऱ्यापाशी ओल राहायची आणि तळ्यातलं सगळं गणगोत तिथं दाटीवाटीनं दिवस काढायचं.

बाईंनी मुलांना पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा मुलं चिखलाला बिचकत होती. बूट खराब होतील, आई रागावेल, असं चाललं होतं. बाईंनी स्वतःच्या चपला काढल्या, घोट्यापर्यंत पाण्यात उतरल्या आणि मला पाण्यातून हळूच ओढून पांढऱ्या थाळीत उपडं केलं. आधी नुसता गाळ दिसला. मग गाळ हलायला लागला. चतुर किड्याची अळी सरकली, एक गोगलगाय शिंगं काढून बसली, बेडकाची पिल्लं शेपट्या नाचवायला लागली. मुलांची डोकी थाळीवर अशी भिडली की बाईंनाच काही दिसेना.

त्या दिवसापासून बाईंचा नियम ठरला. बघायचं, जे दिसलं तेच सांगायचं, आणि जिथलं तिथं सोडायचं. "हे त्यांचं घर आहे," त्या म्हणायच्या. "आपण पाहुणे. पाहुण्यानं घरातलं सामान उचलून न्यायचं नसतं."

मुलं बदलली. ज्या पोरांनी येताजाता तळ्यात दगड मारले होते, तीच आता दगड मारणाऱ्याचा हात धरायला लागली. कुणी खाऊचा कागद टाकला तर सगळा वर्ग त्याच्याकडे असा बघायचा की त्या बिचाऱ्यानं उचलून खिशातच घालावा.

या मुलांत एक मुलगी होती. तिला सगळे शंका म्हणायचे. नाव वेगळं असेल, पण तिला इतके प्रश्न पडायचे की खरं नाव मागे पडलं. पाण्यावर धावणारा किडा बुडत कसा नाही? अळीला कसं कळतं की आपण चतुर होणार? बेडूक झोपला की कुठल्या कुशीवर झोपतो? बाई तिच्या एकाही प्रश्नाला 'गप्प बस' म्हणाल्या नाहीत. उत्तर येत नसलं तर सरळ म्हणायच्या, "मला माहीत नाही, चल बघू." शंका त्यांच्यामागे सावलीसारखी फिरायची, आणि मला धरायचा मान बहुतेक वेळा तिचाच असायचा. तिची मूठ घट्ट, पण पाण्यात शिरताना हात अगदी हलका. तसा हात मी पुन्हा पाहिला नाही.

तळ्याची कीर्ती वर पोचली. एकदा शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष बघायला आले. शंकानं त्यांना थाळीतली चतुराची अळी दाखवली. तिची कात, तिचे कल्ले, ती शिकार कशी करते, सगळं न अडखळता सांगितलं. अध्यक्ष खरंच भारावले. शहरातल्या सगळ्या मुलांना हे मिळालं पाहिजे, असं म्हणाले. बाईंचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, आपल्यासारख्या आणखी जाळ्या शिवल्या जाणार, सासूबाईंच्या मशीनला आता उसंत नाही.

झालं भलतंच. अध्यक्षांनी निसर्ग शिक्षण केंद्र बांधायचं ठरवलं. मोठी इमारत, आत पडदा, चित्रं, नमुने, गाड्या उभ्या करायला जागा. बाई त्या केंद्राच्या प्रमुख. आणि शाळेच्या मालकीची मोकळी जागा एकच, ती म्हणजे तळ्याची.

मी तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात टेकून उभी होते. मोठे सर, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, बाईंना समजावत होते. बारा महिने पाणी असेल तर ती जागा बुजवायला परवानगी मिळत नाही, पावसापुरतं साचत असेल तर मिळते. पाहणीला सरकारी साहेब येतील आणि तुम्हालाच विचारतील, कारण तळं तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. एका डबक्यासाठी हजारो मुलांचं नुकसान करायचं का, ते तुम्हीच ठरवा. बाई टेबलावरच्या वह्या सारख्या करत राहिल्या. सरांनी चहा मागवला.

त्या संध्याकाळी मला धुवायला म्हणून बाई घरी घेऊन गेल्या. फाटलेला काठ सासूबाईंना दाखवता दाखवता त्यांनी सगळं सांगितलं. आवाजात उत्साह होता, पण तो जरा जास्तच होता. म्हणाल्या, तिथं नवीन तळं करू, फरशीचं, स्वच्छ, मुलांचे पायही भरणार नाहीत.

सासूबाईंनी मशीन थांबवलं. "आणि आत राहणारे?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, भात उतू जातोय वाटतं, आणि आत गेल्या. मी अजून त्या भाबड्या आशेवर होते की एवढं प्रेम करणारं माणूस ऐनवेळी कच खाणार नाही.

साहेब आले तो दिवस कडक उन्हाचा होता. तळं आक्रसून झऱ्यापाशी गेलं होतं. मोठे सर पुढे, साहेब मागे, बाई त्यांच्या शेजारी. शंकाही मला खांद्यावर टाकून आली होती. पाहुण्यांना काय काय दाखवायचं हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी वाकून ओल बघितली आणि बाईंना विचारलं, "इथं वर्षभर पाणी असतं का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, की शंकाकडे, ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाल्या, "पावसाचं साठतं. उन्हाळ्यात आटतं."

शंकाला वाटलं, बाई चुकल्या. मोठ्या माणसांच्या हातून चूक होते, आपण आठवण करून द्यायची असते, हेही तिला बाईंनीच शिकवलेलं. ती हळूच म्हणाली, "बाई, आटत नाही ना? हा झरा आहे ना."

"तू वर्गात जा," बाई म्हणाल्या.

इतकंच. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. पण दांड्यावरची शंकाची मूठ सैल झाली आणि मी घसरून खाली पडले. तिनं मला उचललं आणि वर्गाकडे चालू लागली. तिनं एकदाही मागे वळून बघितलं नाही. मागे साहेब सरांना रस्त्याची रुंदी विचारत होते.

परवानगी आली. मातीचे डंपर यायच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. शंका सकाळीच आली, आणि एकटी आली नाही. तिनं तिच्या आत्याला ओढून आणलं होतं. आत्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. तिनं दोन्ही हातांत कपड्यांचे टब आणले होते आणि वाटभर पुटपुटत होती, की हौस पोरीची आणि हमाली माझी, बेडकांना बिऱ्हाड बदलायला माणूस मिळालं ते मीच.

शंकानं मला पाण्यात घातलं. दिवसभर ती वाकलेलीच होती. मी भरायचे, ती मला टबात रिकामी करायची, टब भरला की आत्या तो उचलून टेकडीमागच्या जुन्या खाणीतल्या पाण्यात सोडून यायची. दुपारनंतर आत्याचं पुटपुटणं बंद झालं. ती स्वतःच साडी खोचून गाळात उतरली आणि हातानं गोगलगायी वेचायला लागली. पण तळ्यातलं सगळं कुणाला उचलता येतं? अंडी पाणकणसांच्या मुळांना चिकटलेली होती. गाळात खोल शिरलेले जीव हाताला लागत नव्हते. उजेड गेला तेव्हा आत्यानं पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि चल म्हणाली. शंका रडली नाही. बाई येतील असं तिला वाटलं होतं. दिवसभर ती मध्येच मान वर करून पडक्या कुंपणाकडे बघत होती. मीही बघत होते. बाईंचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

दुसऱ्या दिवशी डंपर आले. झरा मातीखाली दिसेनासा झाला. शंकानं मला धुतलं, वर्गात आणून बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तिनं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. सगळे म्हणाले, पोरगी शहाणी झाली.

केंद्र बांधून झालं आणि मला आणून या कपाटात उभं केलं. दारात फरशीचं निळं तळं आहे, त्यात कारंजं आहे आणि प्लॅस्टिकची कमळं. पाण्यात औषध घालतात, त्यामुळे त्यात काही जगत नाही आणि कुणाची तक्रारही येत नाही. भिंतीवर पाणकणसांचं सुंदर चित्र काढलंय. मुलं रांगेनं येतात, पडद्यावर बेडूक बघतात आणि 'हात लावू नका' ही पाटी वाचून हात मागे बांधतात. त्यांना निसर्गावर प्रेम करा असं सांगतात. मुलं एका सुरात हो म्हणतात. बाई छान बोलतात, पूर्वीसारख्याच. फक्त आता कुणी अवघड प्रश्न विचारला की त्या घड्याळ बघतात.

काही वर्षांनी मोठ्या शाळेची एक तुकडी आली. त्यात शंका होती. उंच झाली होती, पण मी तिला चालण्यावरून ओळखलं. बाकीचे फिल्म बघायला आत गेले आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बाईंनी तिला पाहिलं. काही वेळ दूरच थांबल्या, मग जवळ आल्या आणि अजून रागावली आहेस का, असं विचारलं.

शंका म्हणाली, सुट्टीच्या दिवशी ती गल्लीतल्या लहान मुलांना खाणीवर नेते. तिथं आता खूप चतुर झालेत. मुलं आधी चिखलाला घाबरतात, मग घरी यायलाच तयार नसतात.

बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "म्हणजे मी शिकवलेलं वाया गेलं नाही."

"नाही गेलं," शंका म्हणाली. "पण पोरं विचारतात, ताई, तुला हे कुणी शिकवलं? तेव्हा मी तुमचं नाव घेत नाही."

बाईंनी पदराला लावलेली किल्ली काढली. कुलूप पटकन उघडेना. मला बाहेर काढून त्यांनी तिच्यापुढे धरलं आणि घेऊन जा म्हणाल्या. खरं सांगते, तेवढ्या क्षणात मला पाण्याचा वास आला.

शंकानं माझ्या काठावरून एकदा बोट फिरवलं. "नको बाई," ती म्हणाली. "आत्यानं दुसरी शिवून दिलीय." आणि ती निघून गेली.

मी तिला दोष देत नाही. तिच्या लेखी मी बाईंची होते. पण त्या दिवशी मला दोघींनी टाकलं, एकीनं प्रेमापोटी टाकलं आणि दुसरीनं दुःखापोटी. बाईंनी मला पुन्हा कपाटात ठेवलं, काच पुसली, दिवा लावला आणि पुढच्या तुकडीचं स्वागत करायला गेल्या.

तुम्ही कधी इथं आलात तर मला सोडवा असं मी म्हणणार नाही. माझं कापड आता विरलंय, पाण्यात धरलं तर फाटेल. माझं मागणं साधं आहे. मुलांना एखाद्या ओढ्याकाठी, तळ्याकाठी नेणार असाल तर जरूर न्या, त्यांचे पाय भरू द्या. आणि पुढे कधी कुणी अनोळखी माणूस कागद-पेन घेऊन तुमच्यासमोर उभा राहील, इथं पाणी असतं का म्हणून विचारील. तेव्हा शेजारी एक मूल उभं असेल, तुम्ही काय सांगता ते ऐकत. त्याच्यासमोर हो म्हणा.