रॅम्पसमोरचा दगड

नागनाथ सरांनी तो दगड पायाने सरकवला, तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हते. दगड नारळाएवढा, शेंदराने माखलेला. आदिलाबादच्या एका खाजगी दवाखान्यामागच्या पार्किंगमध्ये, रॅम्पच्या बरोबर समोर, मोकळ्या जागेच्या मधोमध तो ठेवलेला होता. सर कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. सुट्टीच्या दिवशी तलमडुगु आणि बाजारहत्नूरकडच्या गावांत जाऊन, जळता कापूर जिभेवर ठेवण्यात काही चमत्कार नाही, हे ते स्वतःच्या जिभेवर करून दाखवत. मोकळ्या जागेत आधी दगड येतो, मग त्याच्याखाली ओटा आणि ओट्यावर पत्रे, याची कितीतरी उदाहरणे त्यांच्या पाहण्यात होती. त्यांत आणखी एकाची भर पडली, असे समजून त्यांनी बुटाच्या टोकाने दगड भिंतीकडच्या नालीत लोटला, कार तिथे लावली आणि रक्ततपासणीचा अहवाल आणायला ते आत गेले.

परत आले तेव्हा पुढच्या चाकाला साखळी होती आणि साखळीपाशी कुलदीप उभा होता. पार्किंगचा ठेका त्याच्याकडे होता.

"हजार रुपये जुर्माना, सर. ही जागा पेशंटच्या गाडीची हाये."

"कुठे लिहिले आहे?"

कुलदीपने भिंतीकडे पाहिले. भिंत कोरी होती. मग तो गेटजवळ खुर्ची टाकून बसलेल्या लक्ष्मीबाईकडे वळला. पावत्या फाडण्याचे काम तिचे. "काऊन वो लक्ष्मीबाई, आज दगड ठेवलाच नाई का?"

"ठेवला होता जी. सकाळीच."

"मंग गेला कुठं? चालत गेला?"

लक्ष्मीबाई उठून आली, गाड्यांच्या खाली वाकून पाहू लागली. नालीत काळे पाणी काठोकाठ होते. त्या क्षणी सरांना एक वाक्य बोलता आले असते. पण चाकाला साखळी होती, आणि राग आलेला माणूस एका वेळी एकाच अन्यायाचा विचार करू शकतो. त्यांनी पैसे भरले, पावतीवर स्वतःच्या हाताने 'विरोध नोंदवून' असे लिहिले, साखळीचे आणि कोऱ्या भिंतीचे छायाचित्र घेतले. नाली चौकटीबाहेर राहिली.

घरी त्यांनी रंजीताला, म्हणजे पत्नीला, सगळे प्रकरण समजावून सांगितले. दंड ठोठावण्याचा अधिकार कायद्याने ज्याला दिला त्यालाच; ठेकेदाराला तो नाही. तो ठरलेले भाडे घेऊ शकतो. कोणी नियम मोडला आणि त्यामुळे नुकसान झाले, तर ते दाखवून वाजवी भरपाई मागू शकतो, आणि समोरच्याने नाही दिली तर दाद मागायला न्यायालय आहे. गाडी अडकवून पैसे काढणे ही वसुली नव्हे, जबरदस्ती आहे. आता रजिस्टर पोस्टाने पत्र जाईल, उत्तराला मुदत दिली जाईल, आणि पैसे परत आले नाहीत तर ग्राहक आयोगाकडे तक्रार.

"म्हंजे तुमचं बरोबर हाये," रंजीता म्हणाली.

"पूर्णपणे."

"मंग भाकर काऊन तशीच ठेवली?"

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला. दगडाचे त्यांनी तिलाही सांगितले नव्हते.

पत्र उत्तम झाले. कलमे जागच्या जागी होती, भाषा संयत होती. 'सदर जागी वाहन लावण्यास मनाई असल्याचे मला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता' हे वाक्य त्यांनी लिहिले, खोडले आणि पुन्हा लिहिले. प्रयोगवहीत नकोसे निरीक्षण गाळणाऱ्या मुलाला ते सगळ्या वर्गासमोर उभे करत. पत्र पोस्टात टाकून आल्यावर त्यांनी दोनदा हात धुतले, आणि आपण हे का करत आहोत याचे सयुक्तिक कारण त्यांना सापडले नाही.

मुदत संपण्याआधीच कुलदीपचा फोन आला. "या सर हापिसात. समजुतीनं मिटवू."

ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. दाराशी लक्ष्मीबाई उभी होती. बाहेरच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता, आणि उरलेल्या भागावर ताजी पट्टी होती. हे बापूजी. तलमडुगुकडे त्यांचा भाजीचा मळा. साखरेने आधी किडन्या नेल्या, मग अलीकडेच पाय. डायलिसिससाठी ते ठरल्या दिवशी ऑटोने येत.

"वकील म्हनला, सर म्हनतात तेच खरं हाये," कुलदीपने नोटा टेबलावर ठेवल्या. "जुर्माना आपल्याले लावता येत नाई. साखळी बी नाई लावत आता. घ्या, अन् ते आयोगाचं राहू द्या."

सरांनी नोटांना हात लावला नाही. "त्या जागेचे काय प्रकरण आहे?"

"बापूजीचा ऑटो तिथंच लागते, रॅम्पजवळ. त्या दिवशी तुमची गाडी होती. ऑटो गेटावर थांबला, याहिले प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आनलं. खुर्चीचा पाय मोडला."

"तुटक्या पायावरच पडलो," बापूजी बाकावरून म्हणाले, जणू दुसऱ्या कोणाची हकीकत सांगत असावेत. "टाके उकलले. आता बरं हाये."

"फलक का लावला नाही?" सरांनी विचारले. आवाज हवा होता त्यापेक्षा चढा निघाला.

"होता ना जी बोर्ड," लक्ष्मीबाई म्हणाली. "लोकं त्याच्यावर हेल्मेट अडकवत, मोडून पडला. मंग मी माह्या घरच्या पायरीचा फुटका दगड आनला, शेंदूर फासला. देव नाई हो तो, पायरीच हाये. पन बोर्डाले कोनी भीत नाई, शेंदराले भितात. तवापासून एक गाडी नाई लागली तिथं."

"लागली ना, सरची!" कुलदीप म्हणाला. "इनं दगड ठेवलाच नाई, सर. इसरली, अन् खोटं बोलून राह्यली. हे पैसे हिच्याच पगारातून जातीन. अन् उद्यापासून येऊ नको बाई, माह्यानं हे झंझट होत नाई."

"ठेवला होता! कितीक डाव सांगू?"

"अवो बाई," बापूजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "शेंदराच्या दगडाले कोन हात लावन? इसरली असशील. होते एखाद्या टायमाले."

तर्क बिनचूक होता. वर्गात कोणी तो मांडला असता तर सरांनी शाबासकी दिली असती. या जिल्ह्यात शेंदूर लावलेला दगड कोणी हलवत नाही. दगड जागेवर नव्हता. अर्थात तो ठेवलाच नव्हता. गफलत एवढीच, की पहिल्या विधानातून एक माणूस सुटला होता आणि तो या खोलीत बसला होता. गप्प राहिल्यास कोणालाही, कधीही, काहीही सिद्ध करता येणार नव्हते. इतका निर्धोक निष्कर्ष सरांच्या वाट्याला आयुष्यात आला नव्हता.

लक्ष्मीबाई पदराने तोंड पुसत होती.

"दगड मी हलवला," सर म्हणाले.

कुलदीप नोटांवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहू लागला.

"पायाने. नालीत लोटला."

"पायानं?" कुलदीप म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. त्याने नोटांवर हात ठेवला. "मंग जुर्माना बराबरच झाला ना, सर!"

"नाही. दंड तरीही बेकायदाच आहे," सर सवयीने म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाची त्यांना शिसारी आली. "नुकसान झाले ते बापूजींचे. पट्टीचा, औषधाचा खर्च मी देणे लागतो. तो मागायचा हक्क त्यांचा आहे, तुमचा नाही."

"मले काय मागाचं?" बापूजी म्हणाले. "पाय तर पयलेच गेला."

"आणि ही बाई खरे बोलत होती. पत्रात मी ते लिहायला हवे होते. पत्र मी मागे घेतो."

"अन् नोकरी?" लक्ष्मीबाईने कुलदीपला विचारले. तो खांदे उडवून म्हणाला, "राहा ना मंग. मी काय हौसेनं काढून राह्यलो होतो?"

मग ती सरांकडे वळली. "त्या दिवशी तुमी तिथंच उभे होते, सर. हे मले इचारून राह्यले होते तवा."

"हो."

"मी गाड्याखाली वाकून पाहून राह्यली होती."

"हो."

यापुढे ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर सरांना बरे वाटले असते.

ते बाहेर आले, बाह्या वर करून नालीकाठी बसले. दगड मिळायला वेळ लागला नाही. तो कुठे आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते. दोन्ही हातांनी त्यांनी तो उचलला. तळव्यांना गाळ आणि शेंदूर एकत्र लागला. रॅम्पसमोर आणून ते टेकवणार, तोच मागून आवाज आला.

"तिथं नाई. अलीकडं घ्या. तिकून ऑटो वळत नाई."

त्यांनी अलीकडे घेतला. लक्ष्मीबाईने दगड फिरवून पाहिला. "एका बाजूनं सारा धुऊन गेला. असा साधा दगड दिसला तर लोटून देतीन लोकं. शेंदूर आनून द्या. तेल हाये माह्याकडं."

पूजेच्या सामानाचे दुकान चौकात होते. दुकानदार उत्तमराव सरांना चांगला ओळखे. त्याच्या दोन्ही मुली त्यांच्या वर्गात शिकलेल्या, आणि कापराचा प्रयोग त्याने स्वतः डोळे विस्फारून पाहिलेला.

"शेंदूर?" त्याने तराजू हातात तसाच धरला. "सर, तुमाले? कोन्या देवाले, जी?"

मागे दोन गिऱ्हाइके उभी होती. कागदाची पुडी घेऊन निघून जाणे सोपे होते. सरांनी आपल्या मळक्या, केशरी तळव्यांकडे पाहिले.

"देवाला नाही," ते म्हणाले. "मी एका बाईचा दगड पायाने लोटला होता, उत्तमराव. आणि तिच्यावर खोटेपणाचा आळ आला, तेव्हा गप्प बसलो होतो."

उत्तमरावने तराजू खाली ठेवला. सर सुरुवातीपासून सांगू लागले.