ढगबाईचा होकार

तिने पुन्हा फोन लावला आणि कानाशी घट्ट दाबून धरला. पलीकडे नुसतीच घंटी.

"उचल रे बाबा, उचल!"

ती नोकरीला होती त्या वेधशाळेच्या पडद्यावर ढगाचा गाभा गारांच्या जांभळ्या रंगाचा झाला होता आणि थेट रोपवाटिकेकडे सरकत होता. तिथल्या काचघराच्या छपरावरच्या तडकलेल्या काचा बदलायला तिचा नवरा गेला होता. छपरावर काम असलं की घरून निघताना तो तिला विचारायचा, "चढू का?" ती खिडकीतून आभाळ बघायची, मगच हो म्हणायची. त्याच्या कामावरच्या जोडीदारांनी तिचं नावच ढगबाई पाडलं होतं. आज सकाळी मात्र दोघांचं बिनसलं होतं. त्याने विचारलं तेव्हा ती भांडी आपटत म्हणाली, "चढ की खुशाल! मला कशाला विचारतोस?"

मेलं ते तोंड! ती तशीच उठली आणि गाडी रोपवाटिकेकडे हाकली. वर काय चाललंय ते तिला नको तितकं ठाऊक होतं. वर झेपावणारा वारा गारेला पडूच देत नाही. गारठलेले थेंब तिच्यावर थिजत जातात, थरावर थर चढतो. वाऱ्याला पेलेनाशी झाली की सुटते. जितकी वर रेंगाळेल तितकी मोठी. हा ढग तर दुपारपासून वर चढत होता.

टपावर आधी वाटाणे पडल्यासारखं वाजलं. मग लिंबाएवढ्या गारा आदळू लागल्या. समोरची काच तडकली, तरी ती थांबली नाही.

काचघराचं छप्पर उरलंच नव्हतं. नुसता सांगाडा, आणि त्याला टेकवलेली शिडी. पर्स डोक्यावर धरून ती गाडीतून उतरली आणि जिवाच्या आकांताने त्याला हाका मारू लागली.

"अगं, डोकं फुटेल! इकडे ये!"

अवजारांच्या खोलीच्या दारात तो उभा होता, कोरडाठाक. तिने धावत जाऊन त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या.

"फोन कुठे मेला तुझा?"

"पिशवीत. या धडाक्यात ऐकू येतंय कुणाला?"

"चढला नाहीस?"

"नाही."

"मी तर चढ म्हणाले होते."

"म्हणालीस. पण खिडकीकडे बघितलं नव्हतंस."

तिला रडू फुटलं. गारा थांबेपर्यंत तो तिचा हात धरून बसला. मग त्याने फुटक्या छपराकडे मान उडवली.

"आता सगळंच बदलायचं. उद्या चढू का?"

ती हसली नाही. डोळे पुसून दाराबाहेर गेली, आणि मान वर करून बराच वेळ बघत राहिली.