फितूर फ्रिज

खोटं बोलत असन तर जीभ झडो माही! एकूण एक शब्द खरा हाय.

दिपाली नवी सून म्हणून राळेगावले आली, तवा मीच तिले धाक घातलता, "एक दिवस घरातल्या वस्तू बोलतीन पोरी. साय कोनं चाटली ते कपाट मले सांगन!" बिचारी वर्षभर सायीले हात लावे ना.

यंदा माह्या लेकानं, कपिलनं, इंटरनेटवाला फ्रिज आनला. त्याच्या पोटात कॅमेरा, दिपालीच्या मोबाईलले जोडलेला. मी त्याले कुंकू लावलं, रोज पुसलं, लेकरावानी जपलं.

चातुर्मासात आमच्या घरी वांगं चालत नाही. देवळात बायकाइले त्याच्यावरून दटावनारी मीच. पन शेजारच्या हमीदानं भरीत दिलं अन् माहा जीव त्याच्यात अडकला. डबा दह्यामागं लपवला. भजनाच्या बायका बाहेर बसल्या होत्या, तवा हळूच फ्रिज उघडून दोन बोटं चाटली.

बाहेर दिपालीच्या मोबाईलमधून फ्रिज बोलला, "मैनाबाई वांगं खाऊन राह्यल्या!"

साऱ्याजनी खदखदून हासल्या. दिपाली म्हणे, "आई, तुमचं कपाट बोललं वो!"

ज्याले लेकरावानी जपलं, त्यानंच भर बायकाइत माही इज्जत घालवली. तवापासून मी त्याले पुसलं नाही.

बरं, फ्रिज बोलला, हे तेवढं मी पदरचं लावलं. मोबाईलवर नुसता फोटो आलता, डब्यात घातलेल्या हाताचा. "हा हात कोनाचा वो?" बायका एकमेकीले इचारत होत्या, कोनालेच समजलं नसतं. मीच बाहेर येऊन वरडली, "माहा हात कायले दाखवते मेला!"