एका वेळी एकच दिवा

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा मी विशीत होते आणि डोकं कायम तापलेलं. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड. दिवा लागला की दोरी खोचायची, नंबर विचारायचा, जोडून द्यायचा. पलीकडचा खेकसला की मीही खेकसायची.

शेजारच्या खुर्चीत मोठ्या बाई बसायच्या, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. रोज सकाळी आसनं करायच्या, पण कधी गवगवा नाही. एकदा माझं भांडण ऐकून म्हणाल्या, "दिवा लागला की आधी एक श्वास पुरता घे. मग दोरी उचल."

"एवढा वेळ कुठे असतो, बाई?"

"श्वास तर तू घेणारच आहेस ना? मग लक्ष देऊन घे."

"आणि हाच तुमचा योग?"

"अगं, चटईवर मांजरसुद्धा अंग ताणतं. खरी परीक्षा ह्या खुर्चीत."

थट्टा म्हणून मी सुरू केलं. कधी अंगवळणी पडलं, कळलंच नाही.

एका दुपारी रंगाच्या कारखान्यात स्फोट झाला. आमच्या काचा थरथरल्या आणि मिनिटभरात अख्खा बोर्ड उजळला. त्या कारखान्यात माझा दादा होता. पहिली दोरी मी कारखान्याच्या नंबराकडेच नेली.

बाई रागावल्या नाहीत. स्वतःचे कॉल जोडता जोडता हळूच म्हणाल्या, "ती लाइन बंबवाल्यांना लागणार आहे. समोरचा दिवा बघ. फक्त तोच."

पहिला श्वास अर्धाच आत गेला. दुसरा पुरता गेला. हॉस्पिटल. अग्निशामक दल. कुणाची तरी आई रडत होती, तिला म्हटलं, "थांबा हं, जोडते." दर दिव्याआड दादाचा चेहरा यायचा. येऊ दिला, जाऊ दिला. असा सव्वा तास गेला.

दिवे विरळ झाले तसा बाईंनी कारखान्याचा नंबर लावला आणि म्हणाल्या, "घे, आता तुझा कॉल."

दादाचा हात भाजला होता, पण तो शुद्धीवर होता. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. बाईंनी रडू दिलं आणि माझ्या वाटचे कॉल स्वतः घेतले.

दादा बरा झाला. दोन बोटं तेवढी वाकत नाहीत. पुढे बोर्ड जाऊन यंत्रं आली, आम्ही सगळ्या पांगलो. बाई निवृत्त झाल्यावर मी एकदा त्यांच्या घरी गेले. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. माझा भाचाही तिथेच होता. सुखरूप आहे हे मला संध्याकाळी कळलं."

"मग माझ्या आधी का नाही विचारलंत?"

"मी विचारलं असतं तर तुला कोणत्या तोंडाने थांबवलं असतं?"

बाई चहा गाळत होत्या, सगळं लक्ष गाळणीवर.