भिंगरी माझ्याशी छोटं का बोलायची

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तेव्हा माझी गोष्ट वाचताना उगाच मान डोलवू नका. न पटता डोलवलेली मान मला लगेच कळते.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथले कामगार माझ्याजवळून जाताना चपला हातात घेत. माझ्या कोवळ्या कानांना त्रास नको म्हणून. शेवटी तपासनिसाने माझ्यासमोरून एक मुंगी चालवली आणि तिच्या पावलांचा आवाज माझ्यात भरून घेतला. तो परत लावला, तेव्हा आपल्या मागे कोण येतंय म्हणून ती मुंगी वळून बघायला लागली. खोटं वाटत असेल तर त्या मुंगीला विचारा.

माझी पहिली नोकरी विम्याच्या कार्यालयात होती. कोणाचं दुकान जळालेलं असे, कोणाचा हार चोरीला गेलेला. माणसं माझ्यासमोर बसून हुंदके देत. साहेबांनी माझं बटण बंद केलं रे केलं, की डोळे कोरडे! "झालं ना? आता चहा मागवा की," असं तीच माणसं म्हणत. माझा स्वभाव बिघडला तो तिथेच. माणूस माझ्यासमोर एक बोलतो आणि माझ्या पाठीमागे दुसरं, ही गाठ मी मनाशी पक्की बांधली.

पुढे नवीन, चकचकीत यंत्रं आली आणि मी एका विद्यापीठात, भाषेचा अभ्यास करणाऱ्या विभागात जाऊन पडलो. लहान मुलं बोलायला कशी शिकतात, यावर तिथे एक बाई शोधनिबंध लिहीत होत्या. ज्या मुलीच्या बोलण्यावर त्या लिहीत होत्या, ती त्यांची सख्खी भाची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. भिंगरी बाईंना आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणणार.

आत्याची नोकरी कच्ची होती. तिचा निबंध संशोधनाच्या मासिकाने वेळेत स्वीकारला, तर ती पक्की होणार होती, नाहीतर जागा दुसऱ्याला. विभागाच्या प्रमुखांनी हे तिला तोंडावर सांगितलं होतं. हे प्रमुख कोणाचाही कागद हातात आला की आधी लाल पेन काढत, म्हणून सगळे त्यांना काटछाट सर म्हणत. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्यावरही कुठे रेघ मारता येईल हेच ते शोधत होते, हे मी शपथेवर सांगतो.

आत्या कामाला पक्की. भावाच्या घराच्या पायरीवरच ती मला चालू करायची, कारण भिंगरीचा पहिला शब्दसुद्धा निसटता कामा नये. मी फिरत फिरतच घरात शिरायचो आणि फिरत फिरतच बाहेर पडायचो. मधे आत्या टेबलावर बसून मला मागे फिरवायची, एक वाक्य ऐकायची, कागदावर उतरवायची, पुन्हा मागे, पुन्हा तेच वाक्य. ऐकलेलं बरोबर उतरलं की नाही, याची खातरी होईपर्यंत तिचं हे चाले. भिंगरी हनुवटी टेबलावर टेकून सगळं पाहत असे.

आणि भिंगरीचं बोलणं? "पाणी दे." "बाहुली झोपली." "आत्या आली." बस्स! तिचं वय वाढलं, फ्रॉक आखूड झाले, पण वाक्यं काही लांब होईनात. आत्या कपाळाला आठ्या घालून लिहीत राहिली.

भिंगरीची आई एकदा वैतागलीच. "वन्सं, तुमचं हे यंत्र माझ्या पोरीचं बोलणं खातं की काय? तुम्ही गेलात की हिचं तोंड मिटत नाही. काल मला झाडूवरून केवढं भाषण दिलं!"

"वहिनी, आईचं सांगणं आम्ही पुरावा धरत नाही हो," आत्या म्हणाली. "टेपवर हवं."

"आईचं धरत नाही आणि डब्याचं धरता? धन्य आहे!"

मला डबा म्हटल्याचा राग आला, पण त्याहून जास्त संशय आला. कोणीतरी खोटं बोलत होतं. आधी मी वहिनींवर नजर ठेवली. पोरीचं कौतुक म्हणून त्या वाढवून सांगत असतील. मग आत्यावर. निबंध सनसनाटी व्हावा म्हणून ती लांब वाक्यं गाळत नसेल ना? पण गाळायला लांब वाक्यं होती कुठे! मग मी भिंगरीकडे नीट पाहिलं आणि माझं चाक अडखळलं. तोंड उघडण्याआधी ती दर वेळी माझ्या फिरत्या चाकांकडे बघायची. एक क्षण. मग "पाणी दे."

विम्याच्या कार्यालयातले सगळे चेहरे माझ्यासमोर उभे राहिले. ही एवढीशी पोर मला फसवत होती.

इकडे निबंध तयार झाला. भिंगरीचं बोलणं वयाच्या मागे राहिलं आहे, असं त्यात टाइप होऊन बसलं. मासिकाच्या परीक्षकांना लिहिणाऱ्याचं नाव कळू नये म्हणून प्रतींवरून आत्याचं नाव काढलं. काटछाट सरांनी सगळे 'कदाचित' खोडले. "कदाचित लिहिलं की परीक्षक तिथेच बोट ठेवतात," ते म्हणाले. पाकिटावर पत्ता घातला. शुक्रवारी ते टपालात पडायचं होतं. त्याआधी भिंगरीकडे शेवटची फेरी.

त्या फेरीत माझे सेल संपले. चाकं मंदावली आणि थांबली. आता तुम्ही म्हणाल, सेल संपल्यावर तुला ऐकू कसं आलं? माझे कान सेलवर चालत नाहीत, मित्रांनो. विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी तरी तुमच्यावर कुठे ठेवलाय!

भिंगरीने वाकून माझ्याकडे पाहिलं. "झोपला," ती म्हणाली. आणि मग जे धरण फुटलं! "आत्या, तू मागच्या वेळी आलीस ना, तेव्हा मी तुला सांगणारच होते की शेजारच्या काकूंची मांजर आपल्या गच्चीवर पिल्लं ठेवून गेलीय, पण आई म्हणाली हात लावला तर ती त्यांना घेऊन जाईल, म्हणून मी फक्त लांबूनच बघते."

आत्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत. त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी आत्याने सरांना सगळं सांगितलं.

"टेपवर आहे का?" सरांनी विचारलं.

"सेल संपले होते, सर."

"मग घडलंच नाही."

"पण मी स्वतः ऐकलं!"

"तुम्ही आत्या म्हणून ऐकलंत. आत्यांचे निबंध मासिकं छापत नाहीत. एवढीच हौस असेल तर यंत्र पलंगाखाली लपवा आणि ऐका. नाहीतर पाकीट आहे तसं जाऊ द्या आणि पक्क्या नोकरीचे पेढे वाटा."

आत्या मला घेऊन निघाली. भावाच्या गल्लीत तिने मला पिशवीत घातलं, वर ओढणी टाकली आणि बटण दाबलं. इतकी वर्षं लोकांनी मला फसवलं होतं. आता माझ्याआडून एका पोरीला फसवणार? आता माझा आत्यावरचाही विश्वास उडाला. पायरीवर आत्या थांबली, बराच वेळ थांबली. मग तिने ओढणी काढून गळ्यात घातली, मला बाहेर काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं हातात धरून आत नेलं.

"भिंगरी," तिने टेबलापाशी बसून विचारलं, "हा जागा असताना तू एवढंसंच का गं बोलतेस?"

भिंगरीने माझ्या चाकांकडे पाहिलं. मग ती आत्याच्या मांडीवर चढली, तिच्या कानाभोवती दोन्ही हातांची ओंजळ केली आणि कुजबुजली. माझे कान मुंगी ऐकलेले! मी शब्द न शब्द टिपला.

"हळू बोल, आत्या. त्याला अजून नीट समजत नाही. तू त्याला एकच गोष्ट किती वेळा ऐकवतेस, तरी तो बिचारा तेच तेच म्हणतो. मी मोठं बोलले तर तो गोंधळून जाईल ना? म्हणून मी त्याच्यासाठी छोटं छोटं बोलते. पण हे त्याला सांगू नकोस हं. त्याला वाईट वाटेल."

मित्रांनो, मी विम्याच्या कार्यालयातल्या शपथा ऐकल्यात, खोटे हुंदके ऐकलेत. माझ्यासमोर खोटं बोलणारी माणसं मला माहीत होती. माझ्यासाठी सोपं बोलणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. माझी चाकं फिरत राहिली एवढंच. बाकी माझं काय झालं ते मी सांगणार नाही.

आत्या डोळे पुसत हसायला लागली. वहिनींनी विचारलं, "आता काय लिहिणार?"

"तुमची परवानगी असेल तर हेच."

"लिहा. पण पोरगी मागे नाही, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे."

"पहिल्या ओळीत कशाला? शीर्षकातच घालते." आणि तिने तिथेच लिहिलं: 'ऐकणाऱ्याला सांभाळून घेणारे बोलणे: एका लहान मुलीचा अभ्यास'.

शुक्रवारी सरांच्या टेबलावर ते पाकीट तयार होतं. आत्याने ते त्यांच्यासमोर फाडलं.

"नोकरी जाईल," सर म्हणाले.

"कदाचित," आत्या म्हणाली. हा 'कदाचित' सरांना खोडता आला नाही.

जागा दुसऱ्याला मिळाली, हे मी लपवत नाही. नवा निबंध पुढच्या अंकाची वाट बघत राहिला. एका परीक्षकाला माझ्यासारखाच संशय होता. यंत्राला लहान मूल समजण्याची कल्पना मुलीची नसून संशोधिकेचीच तर नाही ना, असं त्याने विचारलं. तेव्हा वहिनींना विचारून आत्याने टेप पाठवून दिली. मला कळलेली हकिगत अशी की तो गृहस्थ अर्धा दिवस तीच कुजबूज मागे फिरवून पुन्हा पुन्हा ऐकत होता. थोडी वाढवून सांगत असेन, पण निबंध छापून आला, हे तुम्ही छापील पानावर तपासू शकता. उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या एका शाळेने तो वाचला आणि आत्याला बोलावून घेतलं. तिथे ती आता मुलांपुढे आधी बसते, गप्पा मारते, आणि यंत्राचं बटण फार नंतर, तेही त्यांना विचारून दाबते.

आत्याबरोबर मीही आलो आणि आता त्या शाळेतल्या कपाटात असतो. माझ्यासाठी टेप मिळत नाहीत, माझा चाकं फिरवणारा पट्टा सैल झालाय. कधी कोणी कपाट उघडलं, तर माझ्यावरची धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, ओल्या नव्हे, एवढीच माझी विनंती आहे.

आणखी एक. तुमच्याशी कोणी थोडं बोललं, सोपं बोललं, तर त्याला कमी समजण्याची घाई करू नका, मित्रांनो. जरा थांबून त्यालाच विचारा. काय सांगावं, तो तुम्हालाच सांभाळून घेत असेल.