सहाशे शब्दांचे मालक

अर्जुनराव मुकादमांना कानडी येत होतं. फक्त ते कुणी ऐकलेलं नव्हतं. आष्टी तालुक्यातली ऊसतोड टोळी घेऊन बारा वर्षं ते कर्नाटकात जात होते आणि तेवढ्या काळात त्यांनी सहाशे शब्द वहीत उतरवले होते. त्यांचं म्हणणं, भाषा आधी पक्की व्हावी, मग तोंडाबाहेर काढावी. कच्ची बोलायला आपण काय तुळजाबाई आहोत?

टोळीतली तुळजाबाई म्हणजे मुकादमांच्या लेखी डोक्यात फरक पडलेली बाई. गावी परतली तरी शेळीवर कानडीत डाफरायची. भाकरी थापताना स्वतःच विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची. तिकडच्या दुकानवालीला फोन लावून चुकीचं बोलायची. ती हसून चूक सांगायची, हीही हसायची आणि दुरुस्त झालेलं वाक्य दिवसभर शेळीला ऐकवायची.

"कावून बडबडती गं?"

"जीब गंजू न्हाई म्हणून, मुकादम. तुमची हाय ना जाग्यावर?"

यंदा करार करायला कारखान्याचा साहेब खुद्द गावात आला. त्याला कानडीशिवाय काही येत नव्हतं. टोळीतल्या बायकांचं मागणं एकच: गेल्या साली पाणी राहायच्या कोप्यांपासून कोसभर लांब होतं; औंदा नळ झोपड्यांजवळ पाहिजे, नाहीतर यायचं नाही.

"सांगतो की," म्हणत मुकादमांनी फेटा सारखा केला.

साहेब समोर बसला. आधी 'साहेब' म्हणावं की आधी 'पाणी', हे मुकादमांचं ठरेपर्यंत त्याचा चहा संपला. त्यानं सहीसाठी कागद पुढं सरकवला. मुकादमांनी पेन उघडलं.

"ओ, पान्याचं बोला की!" मागून टोळीतली मंगल ओरडली.

"सबुर! वाक्य जुळतंय."

तुळजाबाई सरळ पुढं आली. "नीरु दूरा, ब्याडा. हत्तिर बेकु. इल्लांद्रे बरल्ला!" पाणी लांब, नको, जवळ पाहिजे, नाहीतर येणार नाही.

साहेब हसला, काहीतरी विचारता झाला. हिनं डोक्यावर हंडा असल्याचं सोंग केलं, अडखळली, पुटपुटली, चूक आपली आपणच सुधारून पुन्हा बोलली. साहेबानं कागद मागं ओढला आणि कोप्यांजवळ दोन नळ लिहून दिले.

त्याची गाडी वळणाआड गेली तेव्हा मुकादमांना कंठ फुटला. "पार मळवली भाषा बाईनं! एक वाक्य धड न्हाई."

"मळंना का," तुळजाबाई म्हणाली. "औंदा नळ दारातच हाय. धुवून घिऊ."