ऑगस्टचा गठ्ठा

भाग्यश्रीने खालच्या फळीवरून ऑगस्टचा गठ्ठा ओढला, तेव्हा त्याच्याबरोबर जुलैचाही निम्मा बाहेर आला. दोन पुठ्ठ्यांमध्ये सुतळीने आवळलेली महिन्याभराची वर्तमानपत्रं म्हणजे चांगलंच जड प्रकरण होतं. टेबलामागच्या खुर्चीतून द्वारकाबाई ओव्हाळ तिची ओढाताण बघत होत्या, पण मदतीला उठल्या नाहीत. त्या कधीच उठत नसत. बाईंना खुर्चीला खळ लावून चिकटवलं आहे, असं नववीतली पोरं आठवीतल्यांना गंभीरपणे सांगत.

बिबवेवाडीतल्या त्या शाळेत ग्रंथालयाचा तास आठवड्यातून एकदाच असायचा. गणिताच्या सरांनी तो अनेकदा उसना मागून पाहिला होता. बाईंनी दिला नाही. लाकडी खणांतली कार्डं कशी चाळायची, पुस्तकाचं नाव ठाऊक नसेल तर विषयावरून कसं जायचं, जुनी बातमी तारखेच्या मागावर कशी गाठायची, हे त्या शिकवत आणि मग प्रत्येकाला एकेक प्रश्न देऊन मोकळं सोडत. कुणी ‘सापडत नाही’ म्हणत टेबलापाशी आलंच, तर त्या चष्म्यावरून बघत.

“कपाटाला विचारलंस? मग मला कशाला विचारतोस? उद्या ऑफिसात मी येणार आहे का तुझ्याबरोबर?”

पोरगं मुकाट्याने कपाटाकडे परत जायचं आणि थोड्या वेळाने पुस्तक घेऊन यायचं. मग ते कसं सापडलं, हे त्याला वर्गासमोर सांगावं लागे. शेजारच्या खोलीत त्या वर्षी कॉम्प्युटर येऊन बसले होते आणि आता सगळं त्यातच सापडणार, असं मुख्याध्यापक येता-जाता म्हणत. सापडेल की, बाई म्हणाल्या होत्या, आधी त्यांच्यावरची कव्हरं तर निघू द्या.

त्या आठवड्यात बाईंनी प्रश्न दिलाच नव्हता. ज्याचा त्याने ठरवायचा आणि उत्तर जुन्या वर्तमानपत्रांतून काढायचं. पोरांनी अर्थातच क्रिकेटचे सामने धरले. तेजसने कॉम्प्युटर क्लासच्या जाहिराती मोजायला घेतल्या आणि त्यांना अंतच नाही म्हणून तक्रार केली. भाग्यश्री बावणेने मात्र आपला प्रश्न कुणालाच सांगितला नव्हता.

तो काय असेल हे बाईंनी तिने गठ्ठा ओढला तेव्हाच ओळखायला हवं होतं. तिचे वडील महिपती बावणे यवतमाळकडून पुण्यात आले, ते सातारा रस्त्यावरच्या एका कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर लागले. तिथेच त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. पुढे कंपनीने तो विभागच बंद केला आणि सगळ्यांच्या हातात व्हीआरएस ठेवली. महिपती काही दिवस घरात बसून राहिले. मग गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, कामाचं बघून येतो म्हणून चपला घालून निघाले, ते परत आलेच नाहीत. पोलिसांत वर्दी देऊन झाली. अशी माणसं आपणहून येतात, असं तिथे सांगितलं गेलं. भाग्यश्रीची आई शालू चाळीत सगळ्यांना सांगायची की ते गावी भावाकडे गेले आहेत. दिवाळीही होऊन गेली, तरी ती त्यांचे शर्ट आठवड्याला धुऊन दोरीवर घालत होती. हे चाळीला ठाऊक होतं, म्हणून शाळेलाही ठाऊक होतं.

बराच वेळ पानं उलटण्याचा आवाज येत राहिला. मग भाग्यश्री गठ्ठा दोन्ही हातांवर पेलत टेबलापाशी आली आणि उघडं पान बाईंसमोर ठेवलं.

“बाई, इथं काय होतं?”

पानाच्या मध्यभागी एक चौकोन कापलेला होता. त्यातून मागच्या पानावरच्या साडीच्या जाहिरातीचा तुकडा दिसत होता.

या चौकोनांना पोरं खिडक्या म्हणत. वर्तमानपत्र आलं की स्टँडवर लावण्याआधी द्वारकाबाई खून, फाशी, बुडालेली माणसं असं जे असेल ते कात्रीने काढून टाकत. मुलांच्या नजरेला असलं काही पडू नये, अशी आधीच्या मुख्याध्यापकांची आज्ञा होती. ते निवृत्त झाले, आज्ञा राहिली. बाईंना त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. उलट आपण किती सरळ कापतो, याचा त्यांना थोडा अभिमानच होता. बातमी त्या वाचतही नसत. मथळ्यात ‘मृतदेह’ दिसलं की कात्री चालायची आणि तुकडा केराच्या टोपलीत जायचा. मधल्या सुट्टीत पोरं त्या खिडक्यांतून एकमेकांना वाकुल्या दाखवत.

“काय असणार? तुमच्या उपयोगाचं नसेल काही,” बाई म्हणाल्या.

“गोकुळाष्टमीनंतरच्या अंकांत अशा तीन आहेत,” भाग्यश्री म्हणाली. तिचा आवाज वर्गात प्रश्नाचं उत्तर देतात तसा होता. “बाकीचं सगळं वाचलं मी. बाबांचं काही नाही. या तीनमध्येच बघायचं राहिलंय.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. काचा स्वच्छच होत्या. या मुलीने सगळं अगदी त्यांनी शिकवलं होतं तसं केलं होतं. तारीख धरली होती, पान धरलं होतं, एकही अंक वगळला नव्हता. आणि शोधत शोधत ती येऊन पोचली होती ती बाईंच्याच कात्रीपाशी. बाईंना लाज वाटली. इतकी की मुलीकडे बघणं त्यांना जमेना.

“मला आठवत नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी बघते. सोमवारी सांगते तुला.”

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर त्या बसने पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात गेल्या. तिथे अंक अख्खे ठेवत. त्यांनी ऑगस्टचा गठ्ठा मागवला, खिडकीजवळचं टेबल धरलं आणि शाळेतून लिहून आणलेल्या तारखा काढल्या. पहिल्या चौकोनाच्या जागी दागिन्यांसाठी झालेला एक खून होता. दुसऱ्या ठिकाणी स्टोव्हचा भडका उडून भाजलेली बाई होती. बाईंना हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याचं वाईटही वाटलं.

तिसरी बातमी लहान होती. येरवड्याच्या बाजूला नदीकाठी अनोळखी पुरुषाचा मृतदेह, वय अंदाजे पंचेचाळीस, अंगात आकाशी शर्ट, उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नाहीत. ओळख पटवण्यासाठी नातेवाइकांनी संपर्क साधावा.

बाईंनी ती पुन्हा पुन्हा वाचली. शेजारच्या टेबलावर कुणी म्हातारे गृहस्थ शब्दकोडं सोडवत होते, पंखा कुरकुरत होता. बाईंचा हात आपसूक पर्समध्ये गेला. छोटी कात्री कायम तिथेच असायची. बोटांना तिच्या कड्या लागल्या, तेव्हा आपण काय करायला निघालो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी हात बाहेर काढून टेबलावर पालथा ठेवला. हे पान त्या दिवशी जसंच्या तसं स्टँडवर लागलं असतं, तर नववीतल्या एका मुलीने ते मधल्या सुट्टीतच वाचलं असतं. वेळेत वाचलं असतं. निदान तिच्या आईला त्या माणसाचं तोंड तरी दिसलं असतं.

परतताना बसमध्ये त्यांनी एक वाक्य जुळवलं. तिन्ही जाहिराती होत्या, मुलांनी बघू नयेत अशा. वाक्य चांगलं होतं. शालूच्या दोरीवर शर्ट वाळत राहिले असते. रविवारभर बाई ते मनातल्या मनात म्हणून बघत होत्या आणि दर वेळी ते जरा जास्त खरं वाटत होतं.

सोमवारी शेवटचा तास संपल्यावर भाग्यश्री आली. पाठीवर दप्तर, वेण्यांच्या लाल रिबिनी दिवसभराने सैल झालेल्या. ग्रंथालयात दुसरं कुणी नव्हतं.

“सापडलं, बाई?”

जुळवलेलं वाक्य बाईंच्या जिभेवर होतं. मुलीच्या नजरेला नजर मिळाली आणि ते त्यांच्याने बोलवेना.

“पेठेत एक वाचनालय आहे,” त्या म्हणाल्या. “तिथे अंक अख्खे असतात.”

“मी जाते ना आत्ता. तारखा आहेत माझ्याकडे.” तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर सरकवला. तिचा चेहरा जरा उजळलाच होता. मार्ग मिळाला की पोरांचे चेहरे असेच उजळतात, हे बाईंनी आयुष्यभर पाहिलं होतं. “आत गेल्यावर कुणाला विचारायचं? का सरळ मांडणीतून काढून घ्यायचा गठ्ठा?”

बाईंनी टेबलाचा खण लावला, त्याला कुलूप घातलं, पर्स खांद्याला अडकवली. मग टेबलाच्या कडेला हात टेकून त्या खुर्चीतून उठल्या.

“चल,” त्या म्हणाल्या. “मी येते तुझ्याबरोबर.”

भाग्यश्री दाराकडे निघालीच होती. ती थांबली. तिने बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या मागच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि तिथेच बघत राहिली. पट्ट्यावरची तिची बोटं घट्ट झाली.

“नको,” ती म्हणाली. “माझं मी शोधते, बाई. मला येतं.”

“येतं गं तुला. मला माहीत आहे.”

बाई टेबलाला वळसा घालून पुढे आल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तशी ती एक पाऊल मागे सरली आणि कपाटाला टेकली.

“तुम्ही बसा ना,” ती म्हणाली. “बाई, तुम्ही बसा ना खाली.”